तिचं कार्ड, आमचं कार्ड

विजेचं बिल सापडेना म्हणून मी कपाटातला ह्यांच्या फायलींचा कप्पा उघडला. २०२३ सालची संक्रांत चार दिवसांवर आली होती. एकीकडे तिळगूळ करायचा होता, दुसरीकडे गड्ड्याच्या जत्रेला येणाऱ्या पाहुण्यांची तयारी. विजेचं बिल काही मिळालं नाही, पण रबर लावलेला कागदांचा एक गठ्ठा हाती आला. क्रेडिट कार्डाची अकरा बिलं होती. सगळ्यात वरच्या बिलावर आकडा होता, १,०३,९००.

मी तिथेच पलंगावर बसले. गॅसवरचा पाक जळाल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

आता यात एवढं काय, असं काही मैत्रिणींना वाटेल. घरोघरी मातीच्या चुली. पण मी गेली बारा-तेरा वर्षं बायकांच्या बचत गटांचं काम करते. "घरातला पैसा कुठून येतो, कुठे जातो ते बाईला माहीत पाहिजे" हे वाक्य मी किती बैठकांत म्हटलं असेल, त्याची गणती नाही. आणि माझ्याच घरात एक लाखाचं कर्ज वर्षभर कपाटात बसून होतं, त्याची मला दाद नव्हती. मला राग कर्जाचा आला, की न सांगितल्याचा, की माझ्या स्वतःच्या भाषणांचा, ते आजही नीट सांगता येणार नाही.

संध्याकाळी हे आले. मी चहा दिला आणि गठ्ठा समोर ठेवला. ते दचकले, पण घाबरले नाहीत. म्हणाले, "अगं, भरतोय की दर महिन्याला. एकदासुद्धा तारीख चुकवली नाही."

आणि ते खरंच होतं. एकदाही तारीख चुकली नव्हती. हीच तर या गोष्टीतली गंमत आहे, आणि दुःखही.

कर्ज झालं कसं, ते सांगते. २०२२ च्या सुरुवातीला सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन लगेच करायचं होतं, दवाखान्यात आधी पैसे भरायचे होते, आणि ह्यांच्या खिशात कार्ड होतं. पुढे औषधं, वॉकर, फिजिओथेरपी. त्यातच फ्रिज बिघडला, तोही कार्डावरच घेतला. सगळे मिळून १,१७,०००. यात उधळपट्टी म्हणावी असं काही नव्हतं. सासूबाई आज काठी न घेता सिद्धेश्वराच्या देवळात जातात, त्या पैशाचं मला कधी वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते पुढच्या हिशेबाचं. मी बी. ए. झाले ती इतिहास घेऊन, गणिताशी माझा दहावीनंतर फारसा संबंध नाही. पण वाणसामानाची यादी जुळवणाऱ्या बाईला बेरीज-वजाबाकी तरी येतेच. वही घेतली आणि अकरा बिलांवरचे आकडे एकाखाली एक लिहिले. अकरा महिन्यांत ह्यांनी भरले होते जवळजवळ ६१,०००. आणि कर्ज उतरलं होतं फक्त १३,०००. कार्डावर नवीन खरेदी एका रुपयाची नव्हती. मग बाकीचे ४८,००० गेले कुठे?

ते गेले व्याजात. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, आणि त्या व्याजावर परत अठरा टक्के जीएसटी. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला किती गरीब वाटतं! शेकडा साडेतीन रुपये. आमच्या भागातला एखादा खासगी सावकार शेकडा तीन रुपयांनी पैसे देतो म्हटलं तर आपण त्याला रक्तपिपासू म्हणतो. कार्डावर तेच व्याज चकचकीत पाकिटातून येतं, म्हणून आपल्याला कळत नाही.

कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देणं आणि दुसरा 'किमान देय रक्कम'. दुसरा आकडा साधारण पहिल्याच्या पाच टक्के असतो. तेवढा भरला की दंड लागत नाही, बँकेचा फोन येत नाही, सिबिलमध्ये नाव खराब होत नाही. सज्जन माणसाला वाटतं, हाच हप्ता. आमच्या ह्यांनाही तसंच वाटलं. पण हा हप्ता नाही हो. घराच्या कर्जाचा हप्ता वीस वर्षांनी का होईना, कर्ज संपवण्यासाठी आखलेला असतो. किमान रक्कम त्यासाठी आखलेली नसते. ती भरली की कर्ज फक्त बोंबलत नाही, एवढंच.

एक लाखाचं उदाहरण घ्या. बिल आलं एक लाखाचं, तुम्ही पाच हजार भरले. उरले पंच्याण्णव हजार. त्यावर महिन्याचं व्याज आणि जीएसटी मिळून साधारण ३,९०० रुपये. पुढचं बिल आलं ९८,९०० चं. पाच हजार भरून कर्ज कमी झालं अकराशेनं. आता पुढच्या महिन्यात किमान रक्कम थोडी कमी होते, आपल्याला बरं वाटतं, आपण कमी भरतो. कर्ज कमी होतं तसा भरणाही कमी होतो, म्हणून ते संपतच नाही. मी वहीवर आणि मग मुलीच्या मदतीने संगणकावर हे पाच वर्षांपर्यंत नेऊन पाहिलं. पाच वर्षांत तुम्ही भरता २,२०,००० च्या वर. आणि पाच वर्षांनंतरही ५२,००० देणं शिल्लक असतं.

हे वाचून कुणाला वाटेल की मी कुठेतरी चुकते आहे. मलाही तसंच वाटलं होतं. तीनदा करून पाहिलं.

आता याचीच दुसरी बाजू पाहा. तेच एक लाख, तेच व्याज. फक्त एवढंच ठरवलं की बिलावर किमान रक्कम काहीही छापलेली असो, आपण दर महिन्याला ठाम पाच हजारच भरायचे, एक रुपया कमी नाही. तर ते कर्ज ३९ महिन्यांत संपतं. पाच वर्षांतही न संपणारं कर्ज सव्वातीन वर्षांत संपलं. पहिल्या महिन्यात तर दोघांनी सारखेच पैसे भरले होते. फरक पडला तो पुढच्या महिन्यांत न घसरण्याचा. तरीसुद्धा पाच हजारवाल्याचे जातात १,९५,०००. मग त्याने दोन हजार वाढवले आणि सात हजार ठाम धरले तर? कर्ज २१ महिन्यांत संपतं आणि एकूण जातात साधारण १,४५,०००. महिन्याचे दोन हजार वाढवून दीड वर्ष वाचलं आणि पन्नास हजार वाचले. दहा हजार भरता आले तर १३ महिने आणि सव्वा लाख.

हे आकडे मी बैठकीत फळ्यावर लिहिते तेव्हा बायका गप्प होतात. मग कुणीतरी मागून विचारतं, "ताई, हे दोन हजार आणायचे कुठून?" प्रश्न रास्त आहे, त्याकडे येते. आधी एका अक्कांची गोष्ट सांगते, कारण ठाम हप्ता म्हणजे काय ते मी पुस्तकातून शिकले नाही, त्यांच्याकडून शिकले.

या अक्का बिडीकामगार. शहराबाहेर कुंभारीला २००६ साली बिडीकामगार महिलांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. तिथे त्या राहतात. सूप मांडीवर, सुपात पान आणि तंबाखू, आणि बोटं चालूच. बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. मजुरी बिड्यांच्या हजारावर. त्यांनी घरी शिलाई मशीन आणण्यासाठी एका मायक्रोफायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं होतं. भिंतीवर खिळ्याला, देवाच्या फोटोशेजारी, त्यांचं कर्जाचं कार्ड टांगलेलं. दर आठवड्याला हप्ता भरला की त्यावर नोंद आणि सही. आमच्या घरातलं प्रकरण उघड झाल्यावर पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते, आणि काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बोटं न थांबवता विचारलं, "ताई, तुमच्या कार्डावर किती हप्ते राहिले?"

मी म्हटलं, "अक्का, आमच्या कार्डावर हप्ते लिहिलेलेच नसतात."

त्यांचा हात थांबला. "मग संपतंय कधी ते कसं कळतं ओ?"

एवढाच प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या कार्डावर अडतीस हप्ते भरलेले आणि चौदा राहिलेले होते, ते त्यांच्या सातवीतल्या नातवालाही सांगता आलं असतं. दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा त्यांनी दोन हप्ते आगाऊ भरले होते. आणि आमच्या घरात पदवीधर नवरा, पदवीधर बायको, इंजिनिअरिंगला जाणारी लेक. आम्हाला आमचं कर्ज कधी संपणार ते सांगता येत नव्हतं.

मी अक्कांच्या कर्जाचं कौतुक करते आहे असं समजू नका. त्याच गल्लीत अशा बायका आहेत, ज्यांच्या खिळ्याला तीन-तीन कार्डं लटकतात. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज, दुसरीसाठी तिसरीकडून. हप्त्याच्या दिवशी घरात चूल पेटवायच्या आधी बाई शेजारणींकडे हात पसरते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली यावर नियम केले. अशा घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड घेऊ नये, आणि कर्जाचं कार्ड बाईला समजेल अशा भाषेत द्यावं. नियम चांगले आहेत. ते गल्लीपर्यंत पोचतात की नाही हे पाहणं आपलं काम आहे.

पण त्या तिसऱ्या नियमावर माझं मन अडलं. बिडी वळणाऱ्या बाईला तिच्या भाषेत कार्ड मिळावं असं रिझर्व्ह बँक म्हणते, आणि आमच्या घरी येणारं बिल होतं इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबत जाईल आणि व्याजावर व्याज चढेल, असा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेने लावलेलं आहे. तो आमच्या अकराही बिलांवर होता. ह्यांनी तो कधी वाचला नाही. खरं सांगते, बिल माझ्या हाती असतं तर मीही वाचला नसता. माझं म्हणणं आहे की हा इशारा मराठीत, मोठ्या अक्षरात आणि किमान रकमेच्या आकड्याला लागून छापावा. आणि सोबत एक ओळ असावी, 'एवढीच रक्कम भरत राहिलात तर कर्ज अमुक महिन्यांनी संपेल.' अक्कांना जे कळतं ते आम्हालाही कळू द्या, एवढीच मागणी आहे.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून आणखी एक आठवण होते. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, कर्जाचे कागद जाळले. त्यानंतर १८७९ साली इंग्रज सरकारने कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, नगर, साताऱ्याबरोबर तो आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही लागू होता. नुसत्या कागदावरच्या आकड्यावर न जाता कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासायचा आणि फेडीला हप्ते बांधून द्यायचे, असा अधिकार त्या कायद्याने कोर्टाला दिला. शिवाय आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुद्दलाइतकं व्याज झालं की बस्स.

कार्डाच्या व्याजाला अशी वेस नाही. ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलं होतं की थकलेल्या कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदर ठरवणं हे ग्राहक आयोगाचं काम नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. आपल्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की वेस आपली आपणच घालायची.

आता ते दोन हजार. आमच्या घरी ती किमान रक्कम ५,२०० च्या आसपास होती. आम्ही सात हजार ठरवले, म्हणजे वर लागले अठराशे. ते कुठून आले ते लिहायला लाज कशाला? रविवारची पार्क चौपाटीची फेरी महिन्यातून एकदा झाली. ह्यांनी स्कूटर कामापुरती काढायला सुरुवात केली. टीव्हीवरची दोन ॲप बंद झाली. त्या वर्षी लग्नसराईत मी नवीन साडी घेतली नाही, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. पगार एक तारखेला जमा होतो, कार्डाचे सात हजार दोन तारखेला जायचे. महिनाअखेरीस उरलं तर भरू म्हणणाऱ्याचं काही उरत नाही, हे बचत गटातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. शिल्लक टाकायला जो नियम, तोच कर्ज फेडायला.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी बावीस हप्त्यांचे बावीस चौकोन आखले, अगदी अक्कांच्या कार्डासारखे. बावीस महिन्यांत संपायचं होतं. जूनमध्ये माझा भिशीचा नंबर लागला, त्यातले दहा हजार कार्डात गेले. दिवाळीला ह्यांचा बोनस आला, त्यातले पंधरा हजार गेले. कर्ज सतराव्या महिन्यात, २०२४ च्या मे मध्ये संपलं. शेवटचा भरणा ३,२४५ रुपयांचा होता. त्या दिवशी घरी मी पुरणपोळी केली. सासूबाईंनी विचारलं, "आज कसला सण?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या ऑपरेशनचे पैसे त्या दिवशी फिटले, हे त्यांना आजही माहीत नाही.

सतरा महिन्यांत आम्ही भरले १,४०,००० च्या आसपास. म्हणजे छत्तीस हजार व्याज त्या सतरा महिन्यांत गेलंच. आणि इथे आमची एक चूक कबूल करते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. आम्ही पतसंस्थेत किंवा बँकेत साधं कर्ज मागायला गेलो नाही. ह्यांना संकोच वाटला. ओळखीचे लोक, काय म्हणतील? समजा वर्षाला चौदा टक्क्यांनी एक लाख मिळाले असते आणि त्यातून कार्ड एकदाच फेडून टाकलं असतं, तर त्याच सात हजारांच्या हप्त्यात सोळा महिन्यांत एक लाख दहा हजारांवर काम भागलं असतं. संकोचाची किंमत एवढी मोठी असते. मुदत ठेवीवर सात टक्के मिळवायचे आणि कार्डावर बेचाळीस टक्के मोजायचे, हाही तसलाच व्यवहार. ठेव मोडायला जीव होत नाही, मला कळतं. पण एका खिशातून गळत असताना दुसऱ्या खिशाला शिवण घालून काय उपयोग?

मात्र असं कर्ज काढून कार्ड फेडलं, तर त्या कार्डाला पुन्हा हात लावायचा नाही. नाही तर सहा महिन्यांत कर्जाचा हप्ताही उरतो आणि कार्डही परत भरतं. आमच्या नात्यातल्या एका घरात नेमकं असंच झालं. बाकी काही गोष्टी अनुभवातून शिकले, त्या थोडक्यात सांगते.

कार्डावर देणं शिल्लक असताना नवीन खरेदी केली, तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तेव्हा कर्ज फिटेपर्यंत कार्ड कपाटात. कार्डावरून रोख पैसे तर कधीच काढू नका, तिथे शुल्कही लागतं आणि त्याच दिवसापासून व्याजही. दोन-तीन कार्डं असतील तर सगळ्यांची किमान रक्कम भरा आणि वरचा सगळा पैसा ज्याचं व्याज सगळ्यात जास्त त्या कार्डावर टाका. ते संपलं की त्याचा हप्ता दुसऱ्याला जोडा. भरणाच जमत नसेल तर फोन बंद करून बसू नका. बँकेत जा, थकलेली रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत बांधून मागा. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. बँकेने तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 'थोडे भरा, बाकी सोडून देतो' असं कुणी म्हटलं तर लगेच हुरळून जाऊ नका, तशी तडजोड सिबिलच्या नोंदीत राहते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना आडवी येते. आणि कर्ज फिटल्यावर कार्ड नको असेल तर लेखी कळवा. देणं बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद केलं पाहिजे, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यायचे, असाही नियम २०२२ मध्येच झाला.

हे सगळं सांगायची आज जास्त गरज आहे, कारण कार्ड आता फक्त मॉलमध्ये निघत नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. किराणा दुकानातला कोड स्कॅन केला की उधार. पूर्वी वाण्याची उधारीची वही असायची. तो निदान तोंडावर म्हणायचा, "वहिनी, मागचे बाराशे राहिलेत." मोबाइल म्हणत नाही. तो 'धन्यवाद' म्हणतो.

मी कार्डाच्या विरोधात नाही. त्या रात्री कार्ड नसतं तर सासूबाईंचं ऑपरेशन दोन दिवस लांबलं असतं. महिन्याचं पूर्ण बिल फेडणाऱ्याला कार्ड चांगलं सोयीचं आहे. पण ज्या दिवशी पूर्ण बिल भरता येत नाही, त्या दिवसापासून ते कार्ड सोय राहत नाही, कर्ज होतं. आणि कर्जाला कर्ज म्हणायची आपल्या मध्यमवर्गीय घरात लाज वाटते. अक्का त्यांचं कर्ज देवाच्या फोटोशेजारी टांगतात, आम्ही कपाटात रबर लावून ठेवतो. अक्कांचं कर्ज वेळेत फिटलं, यामागे हेही कारण आहे असं मला मनापासून वाटतं. ते सगळ्यांना दिसत होतं. नातू विचारत होता, "आज्जी, किती राहिले?"

ह्यांनी मला का सांगितलं नाही, हे मी बऱ्याच दिवसांनी विचारलं. ते म्हणाले, "तू बाहेर एवढ्या बायकांची कर्जं सोडवतेस. घरातलंही तुझ्याच डोक्यावर कशाला?" चांगल्या मनानेच म्हणाले. पण मैत्रिणींनो, या चांगल्या मनाची किंमत महिन्याला चार हजार रुपये पडत होती. मी त्यांना तसं सांगितलंही. तेव्हापासून आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाबरोबर सगळी बिलं टेबलावर येतात. लेक पुण्याहून फोनवर असते. तिला पहिल्या पगाराबरोबर पहिलं कार्ड आलं आहे, आणि तिने मला आपण होऊन बिलाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आई, पूर्ण भरलं."

आज घरी गेल्यावर, म्हणजे घरीच असाल तर आत्ताच, घरातल्या कार्डाचं बिल मागून घ्या. भांडायला नको. एकूण देणं किती आणि गेल्या महिन्यात भरलं किती, एवढे दोनच आकडे पाहा. ते सारखे असतील तर बिल परत ठेवून द्या. नसतील तर वही घ्या, आणि अक्कांचा प्रश्न विचारा. किती हप्ते राहिले?